जुनं पॉलिशिंग मशीन घेताय? पैसे देण्याआधी १० मिनिटांची ही तपासणी कराच

'मशीन टकाटक आहे भाऊ, दोनच गाड्या मारल्या.' जुनं पॉलिशिंग मशीन विकणारा बहुतेक वेळा असंच सांगतो. फोटोतही मशीन चकाचक दिसतं. पण पॉलिशरचं वय बाहेरच्या प्लास्टिकवर कळत नाही. ते आतल्या बेअरिंगमध्ये, गिअरमध्ये आणि कार्बन ब्रशमध्ये दडलेलं असतं.

शिवाय खरेदी फसली तर नुकसान फक्त मशीनच्या किमतीचं नसतं. कारच्या रंगावर वरून जो पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. पॉलिशिंग म्हणजे हाच थर किंचित घासून सपाट करणं. घासलेला थर परत येत नाही. स्वतःची गाडी असेल तर पॅनल पुन्हा रंगवावं लागतं. गिऱ्हाइकाची असेल तर त्या पैशांसोबत नावही जातं.

म्हणून डिटेलिंगचं काम नव्यानं सुरू करणाऱ्यांनी किंवा घरच्या गाडीसाठी जुनं मशीन शोधणाऱ्यांनी काय पाहायचं, ते सविस्तर समजून घेऊ.

वऱ्हाडात गाड्या लवकर का निस्तेज होतात?

पहिलं कारण पाणी. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या भूजलात क्षार जास्त. अशा बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली आणि ती उन्हातच वाळू दिली, की पाणी उडून जातं आणि क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात मागे राहतात. ते जास्त दिवस राहिले तर क्लिअर कोटमध्ये खड्डे पडतात.

दुसरं कारण धूळ. सकाळी घाईत कोरडं फडकं मारलं की धुळीचे कण रंगावर घासले जातात. उन्हात गाडी उभी केली की बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात, त्या यातूनच येतात. पॉलिशर मुख्यतः या रेघा आणि पाण्याचे डाग काढण्यासाठी वापरतात.

एक साधी चाचणी लक्षात ठेवा. ओरखड्यावरून नख हळूच आडवं फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे. तो मशीननं पूर्ण काढण्याच्या नादात थर संपून जाईल.

रोटरी की डीए?

पॉलिशरचे मुख्य प्रकार दोन. रोटरीचं पॅड एकाच अक्षाभोवती गरगर फिरतं. ते झपाट्यानं घासतं, पण एका जागी थांबलं तर रंग तापतो आणि जळतो. हात बसलेला नसेल तर उन्हात दिसणारे वळणदार चट्टेही राहतात. त्यांना कारागीर होलोग्राम म्हणतात.

डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन, मशीनचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी मध्यापासून थोडं सरकून घिरट्याही घालतं. या घिरट्यांच्या व्यासाला 'थ्रो' म्हणतात. ८, १५ आणि २१ मिलिमीटर थ्रोची मशीन बाजारात दिसतात. नेहमीच्या डीएवर जास्त दाब पडला की पॅड फिरायचं थांबतं. त्यामुळे रंग जळण्याचा धोका कमी. नवशिक्यानं डीएच घ्यावं.

जाहिरातीत नुसतं 'पॉलिशर' लिहिलेलं असेल तर कसं ओळखायचं? प्लग काढून पॅडची थाळी हातानं फिरवा. ती नेमकी मध्यावर फिरली तर रोटरी, झुलल्यासारखी एका बाजूला सरकत फिरली तर डीए.

आणखी एक गोष्ट. 'ग्राइंडरलाच पॅड लावा, काम होते' हा सल्ला ऐकू नका. साध्या ४ इंची अँगल ग्राइंडरचा वेग मिनिटाला ११ हजार फेऱ्यांच्या आसपास असतो. रोटरी पॉलिशर साधारण ६०० ते ३,००० फेऱ्यांत चालतं. ६ इंची पॅड ११ हजार फेऱ्यांनी फिरवलं तर त्याच्या कडेचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. १,५०० फेऱ्यांना तोच वेग ताशी ४३ किलोमीटरच्या जवळपास असतो. पहिल्यात रंग जळेल, पॅडही फाटून उडेल.

बंद मशीनमध्ये काय तपासाल?

तपासणीची सुरुवात प्लग न लावता करा.

• नेमप्लेट वाचा. व्होल्टेज, वॅट, वेग आणि सिरियल नंबर दिसला पाहिजे. परदेशातून कुणी आणलेल्या मशीनवर ११० किंवा १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर ते आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला थेट लावू नका. मोटर जळेल.

• केबल जिथे मशीनमध्ये शिरते, तिथे वाकवून पाहा. सगळ्यात आधी वायर तिथेच तुटते. टेप गुंडाळलेली असेल तर केबल बदलण्याचा खर्च किमतीतून कमी करून मागा.

• प्लग दोन पिनचा आहे म्हणून घाबरू नका. नेमप्लेटवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर मशीन डबल इन्सुलेटेड आहे, त्याला अर्थिंगची पिन लागत नाही. बॉडीला तडा गेला असेल तर मात्र ते मशीन नकोच.

• थाळी धरून वर-खाली आणि आजूबाजूला हलवा. खटखट जाणवली तर बेअरिंग गेलं आहे. हळू फिरवताना वाळू दळल्यासारखी खरखर आली, तरी तेच.

• थाळी उघडून आटे पाहा. रोटरीवर बहुधा एम १४ आट्यांचा स्पिंडल असतो. आटे झिजलेले असतील तर नवी थाळीही नीट बसणार नाही.

चालू मशीनमध्ये काय पाहाल?

थाळी आणि पॅड लावून मशीन सगळ्यात कमी वेगावर सुरू करा. मग वेग हळूहळू वाढवा आणि किमान पाच मिनिटं चालू ठेवा. एका मिनिटाच्या व्हिडिओवर सौदा करू नका. बरेच दोष मशीन तापल्यावरच दिसतात.

हवेच्या फटीतून आत पाहा. कार्बन ब्रशजवळ बारीक निळसर ठिणग्या दिसणं नेहमीचं आहे. गोलाकार आगीचं कडं दिसलं तर ब्रश संपलेत किंवा आर्मेचर खराब झालं आहे. ब्रश बदलणं स्वस्त आणि सोपं. आर्मेचर मात्र महागात पडतं. 'आपल्याकडे मोटार भरून मिळते' या भरवशावर राहू नका. शेतीपंपाची इंडक्शन मोटर आणि पॉलिशरची ब्रशवाली मोटर यांची रचना वेगळी असते. पंपाची मोटार भरणारा प्रत्येक कारागीर आर्मेचर भरतोच असं नाही.

डायल फिरवल्यावर वेग खरोखर बदलतो का, बटणाचं लॉक दाबताच सुटतं का, गिअरची बाजू हात ठेवता येणार नाही इतकी तापते का, जळका वास येतो का, हेही पाहा.

डीएसाठी एक युक्ती आहे. थाळीच्या कडेवर मार्करनं एक रेघ ओढा. पॅड जुन्या पत्र्यावर टेकवून हलका दाब द्या. रेघ फिरताना दिसली पाहिजे. पॅड नुसतंच थरथरत असेल आणि रेघ जागची हलत नसेल, तर ते मशीन रंग दुरुस्त करणार नाही.

पैसे, पावती आणि अ‍ॅडव्हान्स

अमरावतीचा गिऱ्हाईक आणि अकोल्याचा विकणारा असेल तर मध्ये साधारण १०० किलोमीटर अंतर आहे. 'आधी थोडे पाठवा, मी ठेवून देतो' म्हटलं तरी अ‍ॅडव्हान्स पाठवू नका. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर मूर्तिजापूर साधारण मध्यावर पडतं. वीज असलेल्या एखाद्या दुकानात भेटा, मशीन चालवा, मग पैसे द्या. ऑनलाइन फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवा.

मूळ बिल मागा. ते नसेल तर सिरियल नंबर, तारीख, रक्कम आणि विकणाऱ्याची सही असलेली साधी पावती घ्या. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नंबर खरवडलेला असेल तर कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या.

भाव ठरवताना नव्या थाळीचा, पॅडचा आणि ब्रशच्या जोडीचा खर्च मशीनच्या किमतीत धरा. ही बेरीज गॅरंटीसह मिळणाऱ्या नव्या मशीनच्या जवळ जात असेल तर जुन्यात फायदा नाही. ज्या कंपनीचे सुटे भाग तुमच्या शहरात मिळतात, तेच मशीन घ्या.

घरी आणल्यावर आधी काय करायचं?

ब्रशची झाकणं उघडून दोन्ही ब्रश तपासा आणि बदलायचे तर जोडीनंच बदला. हवा मारून आतली धूळ काढा. वेल्क्रो सैल झालेली थाळी वापरू नका, कारण पॅड चालू मशीनवरून सुटतं. पॅड थाळीपेक्षा थोडं मोठं घ्या. थाळी ५ इंची असेल तर पॅड साडेपाच इंची, म्हणजे थाळीची कड रंगाला लागणार नाही. डीएवर मात्र कंपनीनं सांगितलेल्या मापाचीच थाळी लावा. आतलं वजन त्या मापाला तोललेलं असतं. माप चुकलं की हात बधिर होईपर्यंत मशीन थरथरतं.

१,२०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सुमारे ५.२ अँपिअर ओढतं. ६ अँपिअरच्या प्लगवर ते चालेल, पण त्याच बोर्डावर गाडी धुण्याचा प्रेशर पंप लावू नका. एक्स्टेंशन किमान दीड एमएम तांब्याच्या वायरची घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडा. ओल्या फरशीवर काम होणार असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

उन्हासाठी गळ्यात गुंडाळलेला दुपट्टा मशीन हातात घेण्याआधी काढून ठेवा. फिरत्या स्पिंडलमध्ये तो क्षणात ओढला जातो. केबल खांद्यावरून मागे टाका. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क लावा.

पहिली गाडी कोणती?

कोणाचीच नाही. भंगारवाल्याकडून एखादं जुनं बोनेट किंवा दार आणा आणि पहिला आठवडा त्यावरच हात बसवा. रोटरी असेल तर मुद्दाम एका कोपऱ्यात रंग जळू द्या. किती कमी वेळ लागतो, ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही.

खऱ्या गाडीवर काम करताना आधी ती धुवा आणि क्ले बारनं रंगाला चिकटलेला मळ काढा. क्षाराचे ताजे डाग निम्मं पांढरं व्हिनेगर आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर यांच्या मिश्रणानं पुसून, लगेच धुऊन पाहा. पुष्कळ डाग तिथेच जातात. जो डाग पुसून जातो, त्यासाठी थर घासायचा नाही.

मग कडांना, बॉडीलाइनला आणि रबराला मास्किंग टेप लावा. कडांवर थर सगळ्यात पातळ असतो. दोन फूट बाय दोन फुटांचा एकच चौकोन निवडा. मऊ पॅड, सौम्य पॉलिश आणि वाटाण्याएवढे चार-पाच थेंब घ्या. मशीन रंगावर टेकवूनच सुरू करा. पॉलिश आधी कमी वेगानं पसरवा. नंतर डीए चार-पाचवर ठेवा, रोटरी १,२०० ते १,५०० फेऱ्यांवर. हात सरकता ठेवा. प्लास्टिकचं बंपर पत्र्यापेक्षा लवकर तापतं, तिथे वेग आणि दाब दोन्ही कमी करा.

उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्यावर हातही ठेवता येत नाही आणि पॉलिश क्षणात वाळतं. हे काम पहाटे, सावलीत आणि पत्रा थंड असतानाच करा.

चौकोन पुसून टॉर्चच्या उजेडात पाहा. समाधान झालं तर तोच पॅड, तेच पॉलिश पुढच्या भागावर वापरा. नाही झालं तरच थोडं कडक पॅड घ्या. चार रेघा राहिल्या तर राहू द्या. त्या पुढच्या वर्षीही काढता येतील. त्यासाठी क्लिअर कोट मात्र शिल्लक हवा.