लॉगमधील ओळ व तिचे वाचन

संगणकावरील प्रोग्राम चालू असता काय काय घडले याची जी क्रमवार नोंद तो स्वतःच ठेवतो, तिला लॉग म्हणतात. पूर्वी ही नोंद साध्या वाक्यासारखी असे. अलीकडे ती पुष्कळदा जेसन या पद्धतीने ठेवतात. तीत प्रत्येक ओळ ही एक पूर्ण नोंद असून काळ, पातळी, संदेश इत्यादी रकान्यांची नावे व मूल्ये त्या ओळीतच लिहिलेली असतात.

समजा, एखाद्या मराठी कोशाच्या शोधयंत्रणेने वाचकांनी विचारलेल्या व कोशात न सापडलेल्या शब्दांची नोंद अशा रीतीने ठेवली आहे. कोशात कोणत्या शब्दांची भर घालावी, हे तीवरून ठरवावयाचे आहे. टर्मिनलवर ग्रेप या आज्ञेने ‘कणगी’ हा शब्द शोधला, तर एकही ओळ न मिळण्याचा संभव असतो. वस्तुतः तो अनेकांनी विचारलेला असेल. जेसनमध्ये कोणतेही अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाने लिहिण्याची मुभा आहे, आणि पायथन भाषेतील प्रचलित जेसन-साधन, निराळी सूचना न दिल्यास, देवनागरी अक्षरे तशीच लिहिते. ‘क’च्या जागी उलटी तिरपी रेघ, यू हे रोमन अक्षर व ०९१५ हे अंक येतात. १९७३ पासून युनिक्समध्ये असलेली ग्रेप ओळीतील खुणा जशाच्या तशा ताडून पाहते. तिला ‘क’ दिसतच नाही. उलटपक्षी, बिघाडाच्या नोंदींसाठी ‘एरर’ हा शब्द शोधावा, तर ज्या वाचकाने कोशात तोच शब्द पाहिला त्याची निर्दोष नोंदही बिघाडांत गणली जाते!

जेक्यू (२०१२) हे साधन आधी ओळीची फोड करते व मग रकान्याचा विचार करते. पदच्छेद केल्यावाचून अन्वय लावू नये, तसेच हे होय. क्रमांकांची पुन्हा अक्षरे होतात. पातळी व विचारलेला शब्द वेगळे राहतात.

तथापि फोड झाली म्हणजे अर्थ लागलाच असे नव्हे. ज्या शोधांस ५०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागला त्यांच्या नोंदी मागितल्या, आणि तो वेळ अवतरणचिन्हांत, म्हणजे अक्षरमाला म्हणून, लिहिलेला असला, तर १२ मिलिसेकंदांची नोंदही पुढे येते; कारण जेक्यूच्या क्रमात कोणतीही अक्षरमाला कोणत्याही संख्येहून मोठी मानली आहे. एखादी ओळ तुटलेली असल्यास ते त्रुटी दाखवून थांबते, ते एका परीने बरे. येथे मात्र चुकीचे उत्तर मुकाट्याने मिळते. म्हणून तुलनेपूर्वी मूल्याचे संख्येत रूपांतर करून घ्यावे.

मराठीपुरती आणखी एक अडचण उरते. ‘तऱ्हा’ या शब्दातील ऱ हा ०९३१ या एका क्रमांकाने लिहिता येतो, अथवा र व नुक्ता अशा दोन क्रमांकांनी. युनिकोड या दोन रीती समतुल्य मानते, जेक्यू मानत नाही. र, हलन्तचिन्ह व शून्यरुंदीचा जोडक ही तिसरी रीत तर युनिकोडच्या समतुल्यतेतही बसत नाही. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात. मोजणीत मात्र ‘तऱ्हा’ तीन ठिकाणी विभागली जाते. तेव्हा जेक्यूने शब्दांचा रकाना वेगळा काढून घ्यावा, तिन्ही रूपे एका रूपात आणावी, आणि मगच कोणता शब्द किती वेळा विचारला गेला हे मोजावे.