दाराशी जोडलेला तंबू

युरोपात कॅराव्हॅन-ट्रेलरला जोडायचा पूर्ण लांबीचा तंबू घेताना आधी टेप लावतात. जमिनीपासून वर, छताच्या कडेच्या खाचपट्टीवरून पलीकडे पुन्हा जमिनीपर्यंत जितके सेंटिमीटर भरतात, ते तंबूचं माप. सुती कॅनव्हास असेल तर वापरण्याआधी भिजवून वाळवतात. पाण्याने धागे फुगून शिवणीतली सुईची छिद्रं बुजतात. पॉलिएस्टर हलकं आणि लवकर वाळणारं, पण त्यावर आतून श्वासातली वाफ थेंब होऊन जमते. म्हणून झरोका हवाच.

उभारताना आधी ट्रेलर समतल करून टेकू द्यावेत, मगच तंबूची गोल किनार खाचपट्टीत सरकवावी. खुंटीचा माथा तंबूपासून बाहेर झुकलेला ठेवावा; वाऱ्यात ती सहज उखडत नाही. आत शेगडी किंवा कोळसा मात्र पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.