शाळेचा वर्ग आणि गावाचे बियाणे

शाळेतील मुलांनी वर्षातून एकदा हाती झाडू घ्यावा, चार रोपे लावावीत, एवढ्याने सेवेचे शिक्षण पुरे होत नाही. रोपांना उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे ठरलेले नसेल, तर गावाला सावली मिळत नाही आणि मुलांना धडाही मिळत नाही. ज्या कामाची गावाला खरी गरज आहे आणि ज्यात पाठ्यपुस्तकातील ज्ञान उपयोगी पडते, असेच काम शाळेने हाती घेणे इष्ट होय.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची कल्पना मांडली; तीच पुढे ‘नयी तालीम’ या नावाने प्रसिद्धीस आली. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे तयार झालेल्या अभ्यासक्रमात माध्यमिक शाळेतील मुले आठवड्यातून एक दिवस शेती, ऊर्जा, अभियांत्रिकी व आरोग्य या विषयांची कामे प्रत्यक्ष हातांनी करतात आणि त्यांतून गावाला सेवाही पुरवितात.

अशी सेवा कोणत्याही खेड्यातील शाळेला करता येईल. सोयाबीनचे उदाहरण घेऊ. पुष्कळ शेतकरी घरचेच बियाणे पेरतात. परंतु सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते; पोती आदळल्याने दाणा वरून चांगला दिसला तरी आतून दुखावतो. तो उगवेल की नाही हे पेरणीपूर्वीच कळले पाहिजे.

प्रयोगाची रीत

उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी मुलांनी शेतकऱ्याच्या प्रत्येक पोत्यातून वर, मध्ये व तळाशी हात घालून मूठमूठ दाणे घ्यावेत व ते एकत्र मिसळावेत. औषध चोळलेले बियाणे मुलांच्या हाती देऊ नये. त्यातील १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडावेत, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी आणि ती सावलीत ओलसर ठेवावी. सहा-सात दिवसांनी निरोगी कोंब आलेले दाणे मोजावेत. असे तीन वेळा शंभर दाणे घेऊन सरासरी काढावी.

येथे गणिताचा तास कामी येतो. ७० टक्के उगवण असल्यास हेक्टरी ७५ किलो बियाणे पुरते. उगवण ६० टक्केच असेल तर किती लागेल? त्रैराशिकाने उत्तर येते ८७.५ किलो. ६० टक्क्यांहूनही कमी उगवणीचे बियाणे पेरू नये, असा स्पष्ट सल्ला शेतकऱ्यास द्यावा.

या प्रयोगात मुलांच्या सचोटीचीही परीक्षा होते. एखाद्याने टपोरे दाणेच निवडून मांडले, तर आकडा चांगला येईल. पण त्या आकड्यावर विसंबलेल्या शेतकऱ्याचे शेत विरळ उगवेल व त्याच्यावर दुबार पेरणीची पाळी येईल. आपल्या वहीतील आकड्यावर एका कुटुंबाचा हंगाम अवलंबून आहे, ही जाणीव मुलांना शंभर उपदेशांहून अधिक शिकविते.

म्हणून प्रत्येक नमुन्याची नोंद वहीत ठेवावी आणि पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी मुलांनी त्याच शेतात जाऊन उगवण पाहावी. आकडा चुकला असल्यास तो का चुकला, याची चर्चा वर्गात व्हावी.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

गावपातळीवरील कृषी कार्यकर्त्याने शिक्षकांना ही रीत स्वतः करून दाखवावी आणि निष्कर्ष एकदा पडताळून पाहावेत. मात्र सेवेच्या नावाखाली मुलांना कोणाच्या शेतावर फुकट राबविले जाऊ नये, याबद्दल शिक्षक व पालक या दोघांनीही दक्ष राहिले पाहिजे. ज्या कामातून मूल काही शिकत नाही, ते काम शाळेचे नव्हे.

शेतकरी बंधूंनी येत्या हंगामापूर्वी आपल्या बियाण्याची चार मुठी शाळेत अवश्य पोहोचवावी. त्यांचे बियाणे पारखले जाईल, आणि गावाची मुले गावाच्या कामाला लागतील.