चित्र पाहिले की झिजते

एखाद्या मोठ्या वस्तुसंग्रहालयात तुम्ही गेला असाल, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आल्यावाचून राहिली नसेल. दगडी मूर्तींचे दालन उजेडाने झगमगत असते. तलवारी, चिलखते, तांब्यापितळेची भांडी यांच्या कपाटांतही भरपूर दिवे असतात. पण जुन्या लघुचित्रांच्या खोलीत पाऊल टाकले की एकदम तिन्हीसांजा झाल्यासारखे वाटते. आमच्या महाविद्यालयाची सहल अशाच एका खोलीत शिरली, तेव्हा मागून कोणीतरी विचारले, "सर, इथले दिवे गेलेत का?"

दिवे गेले नव्हते. प्रयोगशाळेतला लक्समीटर मी बरोबर नेला होता. तो चित्राशेजारी धरला (पहारेकऱ्याची परवानगी घेऊन, तरी तो शेवटपर्यंत संशयानेच पाहत होता), तर आकडा आला ४८. लक्स हे एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो हे मोजण्याचे एकक आहे. तुमच्या वर्गात बाकावर साधारण ३०० लक्स प्रकाश असावा अशी अपेक्षा असते. भर दुपारी उघड्या मैदानावर तो एक लाख लक्सपर्यंत जातो. म्हणजे त्या चित्रावर मैदानातल्या उन्हाच्या दोन-हजारांश प्रकाशही पडत नव्हता. आणि हे सारे मुद्दाम केलेले होते.

हळदीचा डाग

का, ते तुमच्या आईला किंवा आजीला विचारा. सदऱ्यावर वरणाचा डाग पडला, तर साबणाने तो पुरता जात नाही. पण सदरा धुऊन उन्हात टाकला की पिवळेपणा हळूहळू नाहीसा होतो. हळदीतील कर्क्युमिन या रंगद्रव्याचे रेणू प्रकाशाने मोडतात. सदऱ्यावर घडते ते आपल्याला हवे असते. चित्रावरही नेमके तेच घडते, फक्त ते कोणालाच नको असते.

प्रकाश हा ऊर्जेच्या लहान लहान पुड्यांनी येतो. या पुडीला प्रकाशकण किंवा फोटॉन म्हणतात. तांबड्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर जांभळ्याची ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. जांभळ्याच्या पलीकडील अदृश्य जंबुपार किरणांची याहूनही अधिक. कार्बनच्या दोन अणूंमधील साधा बंध तोडावयास सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे जंबुपार किरणांपैकी काहींच्या अंगी हा बंध सरळ तोडण्याची ताकद असते. खिडकीची साधी काच त्यांतले बरेचसे किरण आत येऊ देते.

येथे पुष्कळांची एक चुकीची समजूत होते. जंबुपार किरण अडवणारी काच बसवली की चित्र सुरक्षित झाले, असे त्यांना वाटते. पण रंगद्रव्याला रंग असतो तोच मुळी ते दृश्य प्रकाश शोषते म्हणून! शोषलेल्या ऊर्जेने रेणू उत्तेजित होतो आणि त्या अवस्थेत हवेतील ऑक्सिजनशी त्याची क्रिया होऊ शकते. जंबुपार किरण अडवावेत हे खरेच, कारण ते आपल्याला दिसत नाहीत आणि नुकसान मात्र करतात. पण ज्या प्रकाशाने चित्र दिसते, तोच प्रकाश ते पुसतोही. यातून सुटका नाही.

हे प्रयोगाने दाखवून दिले ते रसेल आणि अ‍ॅब्नी या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी. लंडनमधील जलरंग चित्रे फिकी पडत असल्याची ओरड झाली, तेव्हा त्यांनी रंग लावलेले कागद काचेच्या नळ्यांत घालून उजेडात ठेवले. काही नळ्यांत कोरडी हवा होती, काहींत दमट, तर काही निर्वात केलेल्या. त्यांचा अहवाल १८८८ साली प्रसिद्ध झाला. दमट हवेत अनेक रंग उडाले; निर्वात नळ्यांत थोडे अपवाद सोडता ते टिकले; आणि प्रकाशाच्या निळ्या-जांभळ्या टोकाकडील किरण सर्वांत घातक ठरले.

उजेडाचे रेशन

आता थोडे गणित करू. प्रकाशाने होणारे नुकसान साठत जाते. रात्री दिवा मालवला म्हणून उडालेला रंग परत येत नाही. ढोबळमानाने, ५०० लक्समध्ये १० तास आणि ५० लक्समध्ये १०० तास यांचे नुकसान सारखेच. म्हणून संग्रहालयांत लक्स आणि तास यांचा गुणाकार मोजतात. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने २००४ साली सुचवल्याप्रमाणे अतिशय नाजूक रंगांवर एका वर्षात १५,००० लक्स-तासांहून अधिक प्रकाश पडू नये, आणि तोही ५० लक्सच्या आतच असावा. भागाकार करा: ३०० तास. संग्रहालय रोज आठ तास उघडे असेल, तर असे चित्र वर्षातून जेमतेम ३७ दिवस भिंतीवर राहू शकते. उरलेले दिवस अंधाऱ्या पेटीत. तुम्ही लांबून एखादे चित्र पाहावयास जाता आणि त्या जागी दुसरेच लटकलेले दिसते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

याच हिशेबाजवळ एक गृहस्थ लक्समीटरशिवाय पोहोचले होते. हेन्री व्हॉन या लंडनच्या संग्राहकाजवळ टर्नर या विख्यात चित्रकाराची अनेक जलरंग चित्रे होती. त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९०० साली ३८ चित्रे एडिंबरोच्या आणि ३१ डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाला मिळाली. अट अशी, की ती फक्त जानेवारी महिन्यात मांडावीत आणि लोकांना फुकट दाखवावीत. जानेवारीच का? तेथे तेव्हा ऐन हिवाळा असतो. एडिंबरोत महिन्याच्या आरंभी दिवस सात तासांचा असतो आणि तोही मंद उजेडाचा. तेथे आजही जानेवारीत ही चित्रे बाहेर निघतात.

आता एक कबुली देतो. दहावीनंतर शाळा सोडताना आमच्या चित्रकलेच्या गुरुजींनी मला स्वतः काढलेले एक जलरंग चित्र दिले होते. माळावर फुललेला पळस. फुले अगदी पेटल्यासारखी तांबडी. नव्या घरात ते मी मोठ्या हौसेने दिवाणखान्यात, खिडकीसमोरच्या भिंतीवर लावले. सतरा वर्षांनी काच तडकली म्हणून चौकट उघडली, तर कडेच्या पुठ्ठ्याखाली झाकलेली बोटभर पट्टी तांबडीभडक होती. बाकी सारा पळस वाळक्या पानांच्या रंगाचा झाला होता. रोज पाहत असल्यामुळे मला त्याचा पत्ताच लागला नव्हता! मग मी तेथे प्रकाश मोजला. दिवसभराची सरासरी सुमारे ८०० लक्स, रोज दहा तास. म्हणजे दिवसाला ८,००० लक्स-तास. चित्राचा वर्षाचा वाटा मी दर दोन दिवसांत संपवत होतो. सतरा वर्षांचा हिशेब केला, तर ३,३०० वर्षांचे रेशन. आणि मी पदार्थविज्ञान शिकवतो!

उजेडानेच रंग परत

अर्थात असे माझ्या एकट्याच्याच हातून झालेले नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका भोजनकक्षात मार्क रॉथको या चित्रकाराची पाच भव्य चित्रे १९६४ साली लावण्यात आली. कक्षाला मोठमोठ्या खिडक्या होत्या. त्यांतील लिथॉल रेड हे रंगद्रव्य प्रकाशात फारच कच्चे निघाले. गर्द किरमिजी रंग उडून जागोजागी फिकट निळसर झाला आणि १९७९ साली चित्रे उतरवून ठेवावी लागली. वरून नवा रंग द्यावा, तर मूळ चित्र कायमचे झाकले जाणार.

२०१४ साली तेथील संशोधकांनी एक वेगळाच उपाय योजला. १९६४ साली काढलेली रंगीत छायाचित्रे उपलब्ध होती. तीही फिकी पडली होती, म्हणून आधी संगणकावर त्यांचे रंग सुधारले. मग आजच्या चित्राशी एकेका ठिपक्याची तुलना केली आणि जो फरक निघाला, तेवढा रंगीत प्रकाश प्रक्षेपकाने चित्रावर टाकला. विचार करा: फिका भाग निळा आणि हिरवा प्रकाश गरजेपेक्षा जास्त परावर्तित करतो. मग त्या जागी निळा-हिरवा प्रकाशच कमी टाकला, तर डोळ्यांना तो पुन्हा किरमिजी दिसेल. रंगाचा एक थेंबही न लावता चित्र जुन्या रूपात उभे राहिले. रोज दुपारी चारच्या सुमारास प्रक्षेपक बंद करीत, तेव्हा समोरच्या समोर रंग विझत आणि खरे चित्र दिसे. चित्र कोणते खरे मानावे, यावर तेव्हा बराच वाद झाला. मला विचाराल, तर दिवा बंद करून दाखवण्यातच त्या मंडळींचा प्रामाणिकपणा होता.

चित्र जास्तीत जास्त लोकांना दाखवायचे आणि उजेड मात्र कमीत कमी खर्च करायचा, यावर छायाचित्र हा दुसरा मार्ग. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाने २०२२ साली रेम्ब्रांच्या 'नाइट वॉच' या प्रचंड चित्राचे ८,४३९ तुकड्यांत छायाचित्रण करून ते एकत्र सांधले. त्यात ७१७ अब्ज ठिपके आहेत आणि शेजारच्या दोन ठिपक्यांत अंतर आहे फक्त ५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. इंटरनेटवर ते कोणालाही पाहता येते. रंगाच्या थरातील भेगासुद्धा दिसतात. लाखो लोकांनी पाहिले तरी मूळ चित्राच्या खात्यावर एकही लक्स-तास चढत नाही. आपल्याकडेही संग्रहालयांतील वस्तूंच्या अशा नोंदींसाठी पुण्याच्या सी-डॅकने 'जतन' नावाची संगणक प्रणाली तयार केली आहे. मात्र पडद्यावरचा रंग तांबड्या, हिरव्या, निळ्या प्रकाशाच्या मिश्रणाचा असतो, रंगद्रव्याचा नव्हे; आणि साडेचार मीटर रुंद चित्रासमोर उभे राहणे तळहाताएवढ्या फोनवर कसे जमावे?

तुम्ही करून पाहा

पतंगाचा गुलाबी कागद घ्या. त्याच्या चार पट्ट्या कापून दक्षिणेकडील खिडकीत लावा. पहिली जाड पुठ्ठ्याने पूर्ण झाका. दुसरीवर साधी काच ठेवा, तिसरी उघडी राहू द्या. चौथी रोज फक्त एक तास उघडून बाकी वेळ झाका. पाचवी पट्टी वहीत ठेवा आणि दर रविवारी बाकीच्या तिच्याशी ताडून पाहा. फोनमध्ये प्रकाश मोजण्याची सोय असल्यास लक्स-तासांची नोंदही ठेवता येईल.

आमच्या विद्यार्थ्यांनी ह्या पट्ट्या केल्या आणि मग त्यांना पळसाच्या चित्राची आठवण झाली. पुठ्ठ्याखाली उरलेली तांबडी पट्टी हाच नमुना धरून त्यांनी विभागाचा प्रक्षेपक लावला आणि रॉथकोच्या चित्रांचा प्रयोग करून पाहिला. पहिले तीन दिवस फुले भलत्याच फांद्यांवर उमटली! चौथ्या दिवशी जुळली. चित्रावर ३०० लक्स पडत होते. दहा मिनिटे, म्हणजे ५० लक्स-तास, असा खर्च आम्ही आधीच ठरवला होता. पळस दहा मिनिटे तांबडा दिसला. घड्याळ पाहत बसलेल्या मुलीने "झाली, सर" म्हटले आणि मी प्रक्षेपक बंद केला.