शनवार तेली आणि जातीचा रकाना

जातगणनेवरून सध्या एकच हिशेब चालू आहे: कोणाचा टक्का किती आणि वाटा किती. ज्यांच्या घरातच दोन जाती नांदतात, त्यांची आठवण कोणाला नाही. त्यांच्या मुलांना रिवाजाने बापाची जात लागते. आई आदिवासी, वडील बिगरआदिवासी अशा गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं, की बापाची जात गृहीत धरता येईल, पण तो शेवटचा शब्द नव्हे. मूल कोणात वाढलं, तेही पाहा. एवढं ऐकून घ्यायला रकान्याला सवड नसते.

अशा मधल्या माणसांचं मन दुभंगलेलंच असणार, हा समज जुना आहे. १९२८ मध्ये शिकागोच्या रॉबर्ट पार्क या समाजशास्त्रज्ञाने ‘सीमांत माणूस’ रंगवला. दोन संस्कृतींचं भांडण याच्या मनात चालतं, म्हणे. ठळक उदाहरण कोणाचं, तर युरोपातल्या ज्यूंचं.

पार्कसाहेबांनी अलिबागकडे यायला हवं होतं. तिथले बेने इस्रायली ज्यू तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनवार तेली’. आडनावं पेणकर, किहीमकर, घरात मराठी. धर्म वेगळा, पण त्यासाठी गावात कोणी त्यांच्याकडे पुरावा मागितला नाही. तो मागितला गेला, ते इस्रायलमध्ये गेल्यावर! इतर ज्यूंशी लग्न करायचं तर आधी यांच्या पिढ्या तपासा, असं १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने फर्मावलं. मग निदर्शनं झाली आणि १९६४ मध्ये संसदेला सांगावं लागलं, की हे पूर्ण ज्यू आहेत. माणसं तीच होती. प्रश्न विचारणारे बदलले होते.

हेच पुढे प्रयोगातही दिसलं. अमेरिकेत सारा टाउनसेंड आणि सहकाऱ्यांनी मिश्रवंशीय विद्यार्थ्यांना फॉर्म भरायला दिला. ज्यांना एकच वंश निवडायला लावलं, त्यांचा उत्साह आणि आत्मसन्मान, अनेक खुणा करू दिलेल्यांपेक्षा कमी भरला. एका फॉर्मने जन्माची जखम होते असं मी म्हणणार नाही. पण असे फॉर्म आयुष्यात एकदाच थोडेच भरावे लागतात?

अमेरिकेच्या जनगणनेने २००० पासून एकाहून अधिक वंशांवर खूण करू दिली. तेव्हा २.४ टक्के लोकांनी ती केली. २०२० मध्ये १०.२ टक्के. यातली बरीचशी वाढ प्रश्न आणि उत्तरांची नोंद करण्याची पद्धत सुधारल्यामुळे आहे, असं खुद्द जनगणना खात्यानेच सांगितलं.