फिटचा उगम शोधणारे गणित

वस्तीत कुणाला फिट आली की आजही कुणी कांदा फोडून हुंगवतो, कुणी चप्पल नाकाला लावतो आणि एखादी आजी ‘अंगात आलं’ म्हणून हात जोडते. अंगात कोणी येत नसते. मेंदूतील असंख्य पेशींची वीज एकाच वेळी बेताल होते, तिला फिट म्हणतात. ही वीज संगणकावर मांडून दाखवणारी साधने आज आहेत. त्यांची माहिती घरोघरी असावी असे आम्हांस वाटते.

सुरुवात माकूळ या समुद्री प्राण्यापासून झाली. त्याचा एक मज्जातंतू इतका जाड असतो की आत बारीक तार घालता येते. इंग्लंडमधील हॉजकिन व हक्सली यांनी त्यातील विजेची मोजमापे घेतली. सोडियम व पोटॅशियम पेशीच्या आत-बाहेर कसे होतात, याची समीकरणे त्यांनी मांडली. गणित सोडवायच्या वेळी केंब्रिजचा संगणक फेरबदलासाठी सुमारे सहा महिने बंद! मग हक्सलींनी मूठ फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड केली. विजेची एक लहर तंतूतून पुढे जाताना दाखवायला त्यांना काही आठवडे लागले. आमच्या कचेरीच्या जुन्या कपाटात असेच एक यंत्र पडून आहे. त्यावर नुसती पगारपत्रकाची बेरीज करून पाहा, म्हणजे त्या माणसाची चिकाटी कळेल. १९५२ साली त्यांचे निबंध छापून आले आणि १९६३ साली दोघांना नोबेल मिळाले.

तीच समीकरणे आज ‘न्यूरॉन’ नावाच्या प्रणालीत चालतात. ती एका पेशीचे बारीक तुकडे पाडते आणि दर तुकड्यातील वीज क्षणाक्षणाला मोजते. ‘नेस्ट’ ही दुसरी प्रणाली. ती पेशीचा आकार बाजूला ठेवून पेशींचे मोठे जाळे पाहते. २०१३ साली जपानच्या ‘के’ महासंगणकावर तिने १७३ कोटी पेशींचे जाळे चालवले. त्या जाळ्यातील एका सेकंदाचे काम करायला ४० मिनिटे लागली, आणि माणसाच्या मेंदूत तर सुमारे ८६०० कोटी पेशी! बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात उपिंदर भल्ला यांच्या गटाने ‘मूस’ घडवली. पेशीतील रसायनापासून पेशींच्या जाळ्यापर्यंतचे थर ती एकत्र जोडते. या साऱ्या प्रणाली फुकट मिळतात, हेही नोंदवून ठेवतो.

फिटच्या रुग्णाशी थेट संबंध येतो तो ‘द व्हर्च्युअल ब्रेन’चा. दहातील सुमारे तिघांच्या फिट औषधांनी थांबत नाहीत. त्यांतील काहींवर शस्त्रक्रिया करता येते. पण कापायचे कुठे? कमी कापले तर फिट राहते, जास्त कापले तर वाचा किंवा स्मृती जाण्याची भीती. ही प्रणाली एकेक पेशी मोजत बसत नाही. रुग्णाच्याच एमआरआयवरून ती मेंदूचे भाग आणि त्यांना जोडणारे धागे मांडते. मग फिट कोठून उठते व कशी पसरते, हे गणिताने दाखवते. फ्रान्समधील मार्सेय येथे व्हिक्टर जिर्सा यांच्या गटाने हे काम पुढे नेले. २०१९ साली तेथील अनेक रुग्णालयांत त्याची चाचणी सुरू झाली. संगणकाने दाखवलेली जागा डॉक्टर इतर तपासण्यांशी ताडून पाहतात. सुरी कोठे चालवायची, हे तेच ठरवतात.

आपल्या हातातले काम साधे आहे. फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना गाठावा. गोळी मात्र मनाने बंद करू नये.