गावी नेलं की मूल सुधारतं का?

घरात स्वमग्न मूल असलं की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी बदामाचं तेल सांगतं, कुणी नवस. पण आमच्या दिघीच्या बिऱ्हाडी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हमखास दिलेला सल्ला एकच: "गावी न्या हो त्याला. मोकळी हवा, मोकळं रान. आपोआप बोलायला लागेल." मागच्या मे महिन्यात आम्ही खरोखरच बिऱ्हाड हलवलं. आता वर्ष झालं. या सल्ल्यात खरं किती नि खोटं किती, ते कुणा आईच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

आमचा धाकटा आठ वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असताना पंधरा-वीस शब्द बोलत होता, ते एकेक करून गेले. हाक मारली तर वळून बघेना. कान तपासले, कान उत्तम. शेवटी पुण्यात डॉक्टरांनी निदान केलं, ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. मेंदूची घडणच वेगळी असते, आईची माया कमी पडली म्हणून हे होत नाही, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. दोनदा बजावावं लागलं, कारण घरीदारी मी उलटंच ऐकत होते.

दिघी वाईट आहे असं मी म्हणणार नाही. लग्न होऊन आले तेव्हापासूनचा माझा संसार तिथला. संध्याकाळी दत्तगडावर चढून जायचं, हा तर धाकट्याचाही आवडता कार्यक्रम. पण आळंदी रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न त्याला सोसत नसत. दोन्ही कान दाबून तो खाटेखाली जाऊन बसे. आषाढीच्या आधी माउलींची पालखी आळंदीहून निघून दिघीवरूनच पुण्याला जाते. सगळी दिघी रस्त्यावर लोटते, आणि आम्ही दारं-खिडक्या लावून घरात. एका शाळेने वर्षभर ठेवून "तुमच्या मुलामुळे इतरांचं नुकसान होतं" म्हणून दाखला हाती दिला. मी स्वतः तासिका तत्त्वावर शिकवत होते, त्यामुळे ते वाक्य फारच लागलं. त्यातच एकदा तो दार उघडं दिसताच निघाला तो थेट मॅगझिन चौकाच्या दिशेने. एका रिक्षावाल्याने अडवून ठेवला, पण मूल कुणाचं हे तिथे कुणालाच सांगता येईना. तास-दीड तास गेला.

ह्यांची नोकरी चाकणच्या कारखान्यात. दिघीहून मोशीमार्गे जाण्यात जो वेळ मोडतो, त्याहून कमी वेळात राजगुरुनगरजवळच्या आमच्या गावाहून चाकण गाठता येतं. घर आहे, शेत आहे, सासूबाई-मामंजी आहेत. हिशेब जुळला. न जुळणारी गोष्ट एकच, थोरली. ती दहावीत जाणार होती. शाळा मोडायची नाही म्हणून तिला दिघीतच तिच्या आत्याकडे ठेवलं. "मी मोठी आहे ना," एवढंच ती म्हणाली.

गावी पोचल्यावर पहिले दोन महिने धाकटा सुधारला तर नाहीच, बिघडला. या मुलांना दिवसाचा क्रम ठरलेला लागतो. ताट, उशी, न्हाणीघराचं दार, सगळंच बदलल्यावर तो रात्ररात्र जागू लागला, स्वतःच्याच हाताला चावू लागला. जाण्याआधी तीन-चार वेळा आठ-आठ दिवस त्याला नेऊन राहायला हवं होतं, त्याचं ताट आणि चादर तीच ठेवायला हवी होती. मी सामानाच्या गडबडीत नवं स्टीलचं ताट काढलं आणि महिनाभर त्याचं जेवण घालवून बसले.

गावी आल्या आल्या एक गोष्ट मात्र मी केली होती. वस्तीवरच्या बाराही घरी जाऊन सांगितलं: हा बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, एकटा दिसला तर रागावू नका, हात धरून ठेवा नि मला निरोप द्या. सासूबाईंना ते मुळीच आवडलं नव्हतं. "घरातलं घरात ठेवावं गं. उद्या थोरलीचं लग्न व्हायचंय," त्या म्हणाल्या. दोन दिवस आमच्यात अबोला होता.

श्रावणातल्या एका दुपारी मी मागल्या दारी कपडे वाळत घालत होते. पाच मिनिटांचं काम. वळून पाहते तर ओटीवर त्याच्या चपला, तो नाही. गोठ्यात नाही, कांद्याच्या चाळीमागे नाही. मी कालव्याकडे पळत सुटले. हाका मारून उपयोग नव्हता. तेवढ्यात वस्तीवरच्या एक मावशी ओरडतच आल्या, "मास्तरीणबाई, तिकडं नका पळू. पोरगं इहिरीवर हाये, सुनेनं धरून ठिवलंय." आमच्या विहिरीला तेव्हा कठडा नव्हता. पंचेचाळीस फूट खोल, पावसाने निम्मी भरलेली. काठावर उकिडवा बसून तो एकेक खडा आत टाकत होता आणि आवाज झाला की खुदकन हसत होता. त्या सुनेने त्याचा सदरा मागून मुठीत धरला होता. ती रडत होती, तो हसत होता.

त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, उद्याच्या उद्या दिघीला परत. हे गप्प राहिले. मामंजी मात्र सकाळी उठून राजगुरुनगरहून वेल्डरला घेऊन आले आणि कांद्याच्या पट्टीतले पैसे घालून विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली. मधे एवढंच भोक ठेवायला सांगितलं की खडा जाईल आणि हात जाणार नाही.

नंतर वाचलं, ते आधी वाचायला हवं होतं. २०१२ साली अमेरिकेत बाराशेहून अधिक स्वमग्न मुलांच्या घरी पाहणी झाली. चार वर्षांची झाल्यावर एकदा तरी निघून जाऊ पाहणारी मुलं जवळजवळ निम्मी निघाली. काळजी वाटण्याइतका वेळ जी सापडली नाहीत, त्यांतल्या ६५ टक्क्यांवर वाहनाचा आणि २४ टक्क्यांवर बुडण्याचा प्रसंग थोडक्यात टळला होता. पाणी या मुलांना ओढतं. तेव्हा बाई, गावी जायचंच असेल तर भांडीकुंडी बांधण्याआधी विहिरीची जाळी नि फाटकाची कडी बघा. मोकळ्या हवेचं मग बघू.

जगात स्वमग्नतेचं निदान ज्याच्यापासून सुरू झालं तो मुलगाही शेतावर राहिलेला होता, हे त्याच सुमारास माझ्या वाचनात आलं. डोनाल्ड ट्रिप्लेट त्याचं नाव, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या लहानशा गावचा. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांवर जो निबंध लिहिला, त्यातला तो पहिला. नऊ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला घरापासून दहा मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं. त्याला मोजमापाचा नाद, तर त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते सांगायला लावलं. मक्याच्या ओळी तो सारखा मोजत बसे, तर नांगरता नांगरताच मोजायला सांगितल्या. पुढे तो कॉलेजात शिकला, गावच्या बँकेत नोकरी केली, आणि २०२३ साली वयाच्या ८९व्या वर्षी वारला. हवापाणी दिघीपेक्षा तिथे फार निराळं असेलही, पण त्या जोडप्याने त्याची खोड मोडली नाही, कामाला लावली.

मामंजींनी हे पुस्तकातून वाचलेलं नाही. धाकट्याला वस्तू ओळीत लावायचा नाद. दिघीत मी तो मोडायला बघत होते. भाद्रपदात चाळीतले कांदे निवडायला काढले तेव्हा मामंजींनी त्याला शेजारी बसवलं आणि गोल्टी एकीकडे, मोठा कांदा एकीकडे असं चार-पाचदा करून दाखवलं. दुसऱ्या दिवशीपासून त्याने निवडलेल्या ढिगात एक चूक सापडत नाही. बायका आता गोणी भरताना त्याला विचारतात, म्हणजे त्याच्या पुढ्यात कांदा ठेवतात. फाल्गुनात एकदा तो स्पष्ट "गोल्टी" म्हणाला. सासूबाईंनी बारा घरी पेढे वाटले. घरातलं घरात ठेवायचं त्यांना त्या दिवशी आठवलं नाही. त्यानंतर आजतागायत तो शब्द पुन्हा आलेला नाही.

तोट्याचीही बाजू सांगते. पुण्यातली स्पीच थेरपी आठवड्याला दोनदा होती, ती महिन्यावर आली. बाकी फोनवर चित्र दाखवून बाई सांगतात तसं मी करून घेते, पण त्यांच्या हातची सर त्याला नाही. यात्रेच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत डीजे आळंदी रस्त्याला लाजवतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत आधी "आमच्याकडे सोय नाही" असंच ऐकलं. पण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता धरलेली आहे, आणि सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. ते कलम मी वहीत उतरवून नेलं, न भांडता वाचून दाखवलं. आता तो रोज दोन तास बसतो. दिव्यांगाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आम्ही दिघीत असतानाच करून घेतलं, ते बरं झालं. कार्ड देशभर चालतं. नॅशनल ट्रस्टची 'निरामय' ही विमा योजनाही घ्यावी, वर्षाला एक लाखापर्यंतचा औषधोपचार त्यात येतो.

आमच्या माघारी याचं काय, हा प्रश्न गावी आल्याने सुटत नाही. मुळशी तालुक्यात कोळवणला 'साधना व्हिलेज' म्हणून संस्था आहे, १९९४ सालापासूनची. बौद्धिक दिव्यांग असलेली मोठी माणसं तिथे घरासारखी एकत्र राहतात आणि जमेल ते काम करतात. ती पाहून आल्यापासून हे म्हणतात, तालुक्यातल्या चार घरांनी मिळून असं काही करायला हवं. अजून बोलणंच चाललं आहे.

आणि दिघी? परवा तिथल्या शेजारीण भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला काही सांगितलंच नाही हो कधी. आम्हाला वाटायचं, लाडावलेला आहे." आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं होती. वस्तीवरच्या बारा घरी जे मी पहिल्या आठवड्यात सांगितलं, ते तिथे सहा वर्षांत एकाही दारात सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती. सांगितलं असतं तर कदाचित गावी यावं लागलं नसतं, आणि थोरली माझ्याजवळ असती. हे मी अजून ह्यांना बोललेले नाही.

तिची दहावी झाली. आता तिला पुण्याच्या कॉलेजात जायचं आहे. गेल्या रविवारी आली तेव्हा धाकट्याने तिच्या चपला उचलून माझ्या चपलांशेजारी, पूर्वी दिघीत असत तशा, लावून ठेवल्या. संध्याकाळच्या एसटीने ती परत गेली. सोमवारी तिचा क्लास होता.